लोखंडाचा आवाज

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात डोळ्यांच्या आधी कान कामाला लागतात. हलगीचा कडकडाट, तुतारी, घोड्यांच्या टापा, पोरांच्या पिपाण्या आणि या सगळ्यावर चढलेलं ध्वनिक्षेपकावरचं निवेदन. अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या पोचलेल्या असतात. एवढ्या गलक्यात एक लांबलचक मोटार जवळजवळ मुक्यानं चौकात शिरते आणि हजारो मोबाइल एकदम वर होतात. ही मेबॅक. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली जर्मन मोटार. सीमोल्लंघनाला छत्रपती हिच्यातून येतात, शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं आणि मोटार आली तशी संथ चालीनं माघारी जाते. जिच्या कारखान्यानं झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं घडवली, तिचं स्वतःचं इंजिन मात्र चौकात कुणाला ऐकू येत नाही.

यंदा सोनं घेऊन परतताना भाच्याच्या गाडीत बसलो. गाडी चाकणला बनलेली सेडान, दीड लिटरचं टर्बो इंजिन, पाठीवर एमएच-०९. व्हीनस कॉर्नर, ताराराणी चौक असं करत आम्ही शिरोलीच्या बाजूनं महामार्गाला लागलो. रस्ता मोकळा दिसल्यावर त्यानं पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, खिडकीबाहेरचा ऊस मागं पळाला. पण गाडीच्या तोंडून एका घोगऱ्या हुंकारापलीकडं काही निघालं नाही.

"पळती भारी मामा, पण आवाज न्हाई बघा हिला," भाचा म्हणाला. "गाडी म्हणजे एकोणसत्तरची चार्जर. चावी फिरवली की गल्ली जागी झाली पाहिजे. नादखुळा!"

त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर काळी डॉज चार्जर आहे. त्यानं ती प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही. मीही नाही. न पाहिलेल्या गाडीचा नाद आणि हाताखालच्या गाडीबद्दल ही हुरहूर, यात काहीतरी आहे असं वाटलं आणि या लेखाचं निमित्त झालं. जुनी अमेरिकन मसल कार आणि आजची वेगवान सेडान यांत खरी ताकदवान कोण? प्रश्न कट्ट्यावरचा आहे. उत्तर शोधताना मात्र डेट्रॉइट, कुर्ला, चाकण असं फिरून शेवटी कोल्हापूरच्या फाउंड्रीतच यावं लागलं.

पळवाटेतून निघालेली गाडी

मसल कारचा जन्म एका पळवाटेतून झाला. जनरल मोटर्समध्ये नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक विभागातल्या जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नियम नीट वाचला. तो मूळ मॉडेलबद्दल होता. गिऱ्हाइकानं जादा पैसे भरून काय मागावं याबद्दल तो गप्प होता. झालं. १९६४ सालच्या टेम्पेस्ट गाडीला 'जीटीओ' नावाचं जादा पॅकेज जोडलं गेलं आणि त्यात ३८९ घनइंचांचं, ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन आलं. ताकद ३२५ अश्वशक्ती. तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डनं मस्टँग उभी केली. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा नुकती गाडी चालवण्याच्या वयात येत होती. तिला बापाची चारदारी गाडी नको होती आणि युरोपातली महागडी स्पोर्ट्स कार परवडत नव्हती. डेट्रॉइटनं तिच्यासाठी सोपा नुस्का काढला: अंग मध्यम, काळीज राक्षसी, बाकी सगळं स्वस्तातलं. मागच्या चाकांना ताकद, काहींना मागं ट्रकसारखे कमानपाटे, बऱ्याच गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक. १९६६ मध्ये क्रायस्लरचं सात लिटरचं 'हेमी' इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आलं, ४२५ अश्वशक्तीचं. १९६८ मध्ये प्लायमाउथनं कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव पैसे मोजून घेतलं आणि 'रोड रनर' काढली. तिचा हॉर्नसुद्धा त्या पक्ष्यासारखा ओरडायचा. १९७० मध्ये शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये ७.४ लिटरचं इंजिन बसलं आणि आकडा ४५० वर गेला.

मग उतरण लागली. १९७० चा अमेरिकन शुद्ध हवा कायदा आला, १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन खाली आणावं लागलं, विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते चढवले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. जेमतेम नऊ वर्षांचा हा खेळ. आख्यायिका व्हायला तेवढा पुरला.

कुर्ल्याची प्लायमाउथ

ही नऊ वर्षं आपल्याकडं परवान्यांची आणि प्रतीक्षा याद्यांची होती. फियाट किंवा ॲम्बॅसिडरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. परदेशी गाडीच्या आयातीला दार जवळपास बंदच होतं. पण अमेरिकन गाडी मराठी माणसाला परकी होती असं मात्र नाही. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. फोर्डही मुंबईत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. ही सगळी सहा सिलिंडरांची शांत, सोशिक जनावरं. पुढं सरकारनं ठरवलं, की नुसती जुळणी करणाऱ्यांना इथं जागा नाही. १९५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियर फियाटकडं वळली. म्हणजे ज्या प्लायमाउथचं नाव कुर्ल्यात उमटत होतं, तिनं डेट्रॉइटमध्ये दंड थोपटले तेव्हा आपला तिच्याशी संबंध सुटत आला होता.

राहिली ती सिनेमाच्या पडद्यावरची शेव्हरोले इम्पाला. नायिकेचे श्रीमंत वडील तिच्यातून उतरायचे. इम्पालाची १९६१ ची 'सुपर स्पोर्ट' आवृत्ती ही मसल कारची मोठी बहीण मानली जाते. आपल्याला मात्र इम्पालाचं फक्त मागचं दार ठाऊक. इथं मला एक गोष्ट जाणवली. संस्थानिक असो, गिरणीमालक असो की चित्रपट निर्माता, आपल्याकडं मोठी मोटार ही मागं बसायची वस्तू होती. पुढं ड्रायव्हर असायचा. मसल कार ही पहिल्यापासून चाकामागच्या माणसाची गाडी. आपल्या आधीच्या पिढ्यांना तिचा नाद लागला नाही याचं कारण नुसता पैसा नव्हे. बसायची जागाच वेगळी होती.

आज ती गाडी कायद्यानंही वडीलधारी झाली आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. अशी गाडी मिरवणुकीत, प्रदर्शनात, रॅलीत न्यावी. रोज कामावर नेता येत नाही. १९६४ ते १९७३ मधली प्रत्येक मसल कार आता या वयोगटात बसते. मेबॅकच्या पंगतीला.

वाढ्यासकट तोललेला ऊस

आता आकडे. १९६४ च्या साध्या मस्टँगमध्ये सहा सिलिंडरांचं इंजिन होतं, १०१ अश्वशक्तीचं. तिच्यातलं सुरुवातीचं लहान व्ही-एट ४.३ लिटरचं, १६४ अश्वशक्तीचं. माझ्या भाच्याच्या सेडानचं इंजिन दीड लिटरचं आणि ताकद १५०. हे ऐकून तो गप्प झाला. पुढचं ऐकून तर चिडलाच.

कारण ते जुने आकडे फुगवलेले होते. त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीतून काढून स्टँडवर ठेवत आणि सायलेन्सर, एअर फिल्टर, अल्टरनेटर असली सगळी ओझी उतरवून ताकद मोजत. ऊस वाढ्यासकट काट्यावर घालावा तसलं हे वजन. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या गाडीत बसवलेल्या इंजिनाची निव्वळ ताकद सांगू लागल्या. क्रायस्लरनं १९७१ मध्ये दोन्ही आकडे दिले होते: हेमीचे ४२५ निव्वळ मोजणीत ३५० भरले. या काट्यावर ती १६४ अश्वशक्तीची मस्टँग आमच्या चाकणच्या सेडानपुढं उभी केली, तर पैज कुणावर लावायची याचा विचार करावा लागेल.

वरच्या वर्गात तर तुलनाच उरत नाही. मर्सिडीजनं २०२१ मध्ये एएमजी ए-३५ ही सेडान चाकणला जुळवायला घेतली; दोन लिटर, ३०६ अश्वशक्ती, थांबलेल्या अवस्थेतून शंभरावर ४.८ सेकंदांत. १९७० च्या ४५० अश्वशक्तीच्या शेव्हेलला जवळपास त्याच वेगाला जायला सहा सेकंदांच्या आसपास लागत. मर्सिडीजच्या त्याच एएमजी विभागानं नव्या सी-६३ सेडानमध्ये दोन लिटरच्या चार सिलिंडरांतून ४७६ अश्वशक्ती काढली आहे, आणि विजेच्या मोटारची मदत त्यावर वेगळी. हेमीच्या साडेतीनपट लहान इंजिन, ताकद वरचढ.

ही किमया कशी होते ते कोल्हापुरात सांगणं सोपं आहे, कारण भाता इथं सगळ्यांना माहीत आहे. भट्टीला जोरात हवा दिली की जाळ वाढतो. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता. फरक इतकाच, की तो ओढायला माणूस लागत नाही. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, मिनिटाला लाखभर फेरे. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरात कोंबतं. पेट्रोल थेट आत, मोजून. आणि ठिणगी कधी पाडायची हे प्रत्येक स्फोटामागं एक छोटा संगणक ठरवतो. जुन्या गाडीत हे काम मेस्त्रीचा कान आणि स्क्रू-ड्रायव्हर करायचा. भाच्याच्या गाडीत तर काम हलकं असलं की चारांपैकी दोन सिलिंडर झोपी जातात. अमेरिकन व्ही-एट सिग्नलला उभी राहिली तरी आठही तोंडांनी पेट्रोल पीत असायची.

हा नवा नाद महाराष्ट्राच्याच मातीत वाढला. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस मिळू लागली: टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती, दिसायला मात्र बँक मॅनेजरची गाडी. २०२५ मध्ये तिचीच नवी आवृत्ती बाहेरून आणली, २६५ अश्वशक्तीची, सुमारे पन्नास लाखांची, अवघ्या शंभर. एकवीस वर्षांपूर्वीची 'कमाल' आज भाच्याच्या गाडीत आहे.

करूळ घाटातली परीक्षा

सरळ रस्त्यावर पाव मैल पळणं हा मसल कारचा धर्म. पण आपल्याला कोकणात जायला गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरावा लागतो. तिथं १९६९ ची चार्जर मनातल्या मनात उतरवून पाहिली. पुढच्या चाकांवर तीनशे किलोहून जड बिडाचं इंजिन. पहिल्या दोन वळणांना ड्रम ब्रेक धरतील. पाचव्या-सहाव्याला तापून पाय खाली जाऊ लागेल. पावसाळा असेल तर मागचं टोक पुढं यायला बघेल, आणि सावरायला चालकाच्या दोन हातांखेरीज कुणी नाही. भाच्याची सेडान त्याच वळणावर चारही चाकांचा वेग सेकंदात कितीतरी वेळा तपासते, घसरणाऱ्या चाकाला हलकासा ब्रेक लावते आणि चालकाला कळूही देत नाही. चाकणलाच बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस या सेडानला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. चार्जरचे तारे कुणी मोजले नाहीत ते बरंच आहे.

हा फरक इथल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले तेव्हा मातीत घडलेल्या या मल्लासमोर मॅट होती. ताकद होती, चपळाई होती. जमीन अनोळखी होती. सहावे आले. चार वर्षं त्यांनी मॅटचे डाव, मॅटचे नियम अंगी लावले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. मसल कार हा मातीचा पैलवान. नव्या सेडाननं मॅट आत्मसात केली आहे: गुण, वेळ, नियम सगळ्यांसकट.

आणि मॅटवरचे मल्ल कोल्हापूरनं गाड्यांतही दिले. मोहितेज रेसिंग अकॅडमीच्या गो-कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. इथला ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या सेडान शर्यतींत धावला. त्या ॲमिओ कपमधली गाडी दिसायला घरगुती, आतून २०५ अश्वशक्तीची. कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. या पोरांची तालीम वेगळी, पण सकाळी उठून घाम गाळणं तेच.

घाटापेक्षाही मोठी अडचण पेट्रोलपंपावर आहे. हेमीसारख्या इंजिनांना शिसं मिसळलेलं, चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल लागे. भारतात शिसं २००० साली बंद झालं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, आणि त्यातला काही वाटा आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदे खातं. नव्या टर्बो इंजिनाला मात्र त्याचं वरचं ऑक्टेन मानवतं. लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, ही तक्रार राहते. ज्या उसामुळं कोल्हापूरचा माणूस अशा गाडीचं स्वप्न बघू शकतो, तोच ऊस त्या गाडीच्या घशाला लागतो.

आवाज कुणाचा?

इथवर निकाल एकतर्फी आहे. तरी भाचा हरला असं मला वाटत नाही, कारण त्याचा मूळ मुद्दा आवाजाचा होता.

अमेरिकन व्ही-एटची ती गुडगुड काही सायलेन्सरची करामत नव्हे. तिच्या क्रँकशाफ्टची रचनाच अशी, की आठ स्फोट एकूण समान अंतरानं होत असले तरी एका बाजूच्या चार सिलिंडरांत ते अडखळत होतात. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. तो अडखळता श्वास धुराड्यातून बाहेर पडतो तीच गुडगुड. म्हणजे आवाज हा कामाचा पुरावा होता. आत काय चाललंय ते बाहेर कळत होतं. एक सिलिंडर आजारी पडलं तर गल्लीतल्या पोरालाही समजलं असतं.

टर्बोचं चक्र धुराड्यातली ऊर्जा खातं, तसा आवाजही खातं. उरलेला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत बसवावा लागतो. मग गिऱ्हाइकाला सुनंसुनं वाटतं. त्यावर कंपन्यांनी उपाय काढला: आवाज वेगळा बनवायचा. कुणी काचेच्या बुडाशी थरथरणारं यंत्र बसवतं, कुणी गाडीच्या स्पीकरमधून इंजिनाचा हुंकार वाजवतं. खुद्द डॉजनं २०२३ मध्ये व्ही-एट चार्जरचं उत्पादन थांबवलं आणि त्यानंतरच्या विजेवरच्या चार्जरला आवाज काढणारी पोकळ पेटीच जोडली. पळायला त्या आवाजाची काडीची गरज नाही.

जुन्या गाडीचा आवाज खरा होता, आकडे खोटे. नव्या गाडीचे आकडे खरे आहेत, आवाज खोटा.

आपल्या रस्त्यांवर पोरं सायलेन्सर बदलतात, पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात. कायदा बरोबर आहे. रात्री दोन वाजता फटाके फोडत जाणाऱ्या गाडीचं कौतुक मलाही नाही. पण त्या पोरांना नेमकं काय हवंय हे आता कळू लागलं आहे. यंत्रानं आपल्याशी खरं बोलावं, एवढंच.

ठण्ण

पुढच्या आठवड्यात भाच्याला घेऊन एका फाउंड्रीत गेलो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. कोल्हापूरच्या भोवती अशा भट्ट्यांचं कडंच आहे. उसाचे चरक आणि शेतीच्या पंपांची इंजिनं करता करता हे शहर देशभरातल्या गाड्यांचे सुटे भाग ओतू लागलं.

आत गेल्यावर ओल्या वाळूचा आणि जळक्या राळेचा वास. इंडक्शन फर्नेसमधून वितळलेलं बीड लाडलमध्ये उतरत होतं, नारिंगी, दुधासारखं. चार्जरचं, हेमीचं, शेव्हेलचं काळीज याच धातूचं. ग्रे आयर्नमध्ये तीन टक्क्यांवर कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांनी पसरलेला असतो. ते पापुद्रे कंप गिळतात. म्हणून तर सात लिटरचा धिंगाणा ते पोटात घालू शकलं.

"माझ्या गाडीत हे कुठंय?" भाच्यानं विचारलं. त्याच्या गाडीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे.

फोरमननं उत्तर न देता एका रांगेकडं बोट केलं. ब्रेक डिस्क. फेटलिंग करून ओळीनं मांडलेल्या, करड्या, भाकरीसारख्या गोल. मग म्हणाला, टर्बोचं गरम घर बघा, तेही ओतीवच. म्हणजे लोखंड गाडीतून गेलेलं नाही, त्यानं जागा बदलली आहे. एकेकाळी ते गाडीच्या काळजात बसून तिला पळवायचं. आता बरंचसं चाकांशी बसलं आहे, थांबवायला. विजेच्या गाडीत इंजिनाचा ब्लॉक नसेल. उतारावर थांबायला डिस्क लागेलच. इंजिनं आटली तर कोल्हापूरच्या भट्ट्यांचं काय, हा धाक इथं रोज बोलला जातो. त्याचं पूर्ण उत्तर त्या रांगेत नव्हतं, अर्धं होतं.

फोरमननं एक डिस्क हुकाला अडकवली आणि लहान हातोडीनं टिचकी मारली. ठण्ण. आवाज वर गेला, तरंगला, हळूहळू विरला. मग कोपऱ्यातल्या नापास ढिगातली एक उचलून तशीच वाजवली. भद्द. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

"तडा असला की बोलतंय ते," तो म्हणाला. "मशीनवर सगळं मोजतोय आम्ही, रिपोर्ट जातोय. पण आधी कानाला विचारायचं."

बाहेर भाच्याची पांढरी सेडान उन्हात उभी होती. तो तिच्याकडं गेला नाही. हुकाला अजून हलणाऱ्या त्या पहिल्या डिस्ककडं बघत उभा राहिला.

"मामा," जरा वेळानं म्हणाला, "परत एकदा वाजवायला सांगा की."